कुलपातल्या शामलाताई

आमच्या गल्लीत एखादं गुपित सांभाळायला कुणाकडे द्यावं असा प्रश्न आला, तर माझं नाव कुणी शेवटीसुद्धा घेणार नाही. माझं पिको-फॉलचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, एक मशीन आणि रस्त्याकडे तोंड करून ठेवलेलं स्टूल. नागपुरातल्या जरीपटक्याच्या बाजारातून येणारी प्रत्येक पिशवी माझ्यासमोरून जाते आणि तिच्या लोंबण्यावरून आत वांगी आहेत की कोंबडी, हे मी सांगू शकते. कुणाची सून रुसून माहेरी गेली आणि कुणाची न रुसता गेली, यातला फरकही मला कळतो. आणि मला कळलं की गल्लीला कळतं. यात मेहनत माझी असते, आभार कुणी मानत नाही.

तरी शामलाताईंनी आपलं गुपित माझ्याच हवाली केलं. का केलं ते सांगतेच, आधी ताई कोण ते सांगू द्या.

शामलाताई माझ्या शेजारी, भिंतीला भिंत. आयुष्यभर अंगणवाडीत मदतनीस होत्या. दिवसा पोरांची नाकं पुसायची, खिचडी वाढायची, आणि संध्याकाळी निळी साडी नेसून, केसांचा घट्ट अंबाडा घालून पेटीसमोर बसायचं. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकून त्याच पोरांचे बाप शिट्ट्या मारायचे. कव्वाल शामलाबाई म्हटलं की उमरेडपासून नरखेडपर्यंत कुठल्याही गावात जागा मिळते, चहा मिळतो. एकदा एसटीत कंडक्टरनं त्यांना ओळखलं आणि तिकीट फाडायच्या आधी एक कडवं म्हणून घेतलं. बस स्टॉपवर थांबून राहिली, ड्रायव्हर म्हणाला, होऊ द्या.

त्यांची ख्याती दुय्यम सामन्याची, दुय्यम म्हणजे हलका नाही, दोघांचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. एकाच मंचावर दोन कव्वाली पार्ट्या. बाबासाहेबांची, बुद्धाची गाणी होतात आणि अधूनमधून एकमेकींना सवाल, जवाब, टोमणे. जिला जवाब सुचला नाही ती पार्टी पडली. आणि एक रिवाज असा की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गीतकाराचं नाव यायलाच पाहिजे. ते नाव आलं की गीतकार गर्दीतून उभा राहतो, हात जोडतो, लोक टाळ्या देतात.

ताईंचे गीतकार म्हणजे आमच्याच गल्लीतले भैय्याजी. टेलिफोन ऑफिसातून रिटायर, गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, आणि उभं राहून हात जोडण्याच्या बाबतीत फार तयारीचे. नाव यायच्या आधीच्या ओळीला ते खुर्चीच्या काठावर सरकतात. ढोलकीवर ताईंचे मालक ताराचंदभाऊजी, रेल्वेत होते. कोरसमध्ये टाळ्या धरायला मी आणि गल्लीतल्या दोघीतिघी.

तर मागच्या हिवाळ्यात काटोलला सामना झाला. समोर कामठीकडची वैभवी. वय काही नाही, बी.एड. करत होती, पण जीभ अशी की कैरी कापावी. ऐन रंगात आल्यावर तिनं पेटी थांबवली, आमच्या सगळ्या पार्टीकडे एकेक करून बोट दाखवलं आणि गायली,

"शब्द भैय्याजीचा हाय, ठेका नवऱ्याचा हाय,
सांग ना वं शामलाबाई, तुह्या सोताचं काय?"

मैदान उलटं झालं. शिट्ट्या, टोप्या, गमछे सगळं हवेत. ताई हसल्या, लांब तान घेतली आणि एक जुनं गाणं काढून वेळ मारून नेली. पण गाण्याच्या शेवटी रिवाजाप्रमाणे "भैय्याजी म्हणे" आलं, आणि वैभवीनं बाजूला बसल्या बसल्या माइक तोंडाशी नेऊन फक्त एवढंच म्हटलं, "आलं पाहा नाव!" लोक पोट धरून हसले. भैय्याजींनी त्याही हशात उभं राहून हात जोडून घेतले.

परतीच्या टेम्पोत ताई तोच सवाल पुन्हा पुन्हा गुणगुणत होत्या. पुढचा सामना उमरेडला, रमाई जयंतीला, पुन्हा याच पोरीशी ठरलेला होता. तिथे ती हाच सवाल पुन्हा टाकणार हे टेम्पोतल्या ढोलकीलासुद्धा माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजी जवाब लिहून हजर. माझ्या दुकानासमोरच गाठ पडली.

"ताई, असा जवाब लिहिला का पोट्टी कामठीले पायी जाईन!"

ताई म्हणाल्या, "भैय्याजी, सवाल हाय का तुह्या सोताचं काय. त्याचा जवाब तुम्ही लिहून देणार?"

"मंग कोन लिहीन? आजवर कोन लिहून राहिलं?"

भैय्याजींना त्यात काही खटकलं नाही. त्यांनी तिथल्या तिथे दुसरा जवाब सुरू केला.

ताईंनी मनाशी काय ठरवलं ते मला मागून कळलं, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते, माझ्या पोटात राहत नाही. त्यांनी ठरवलं की उमरेडचा जवाब आपण स्वतः करायचा. शब्द आपले, चाल आपली, शेवटच्या कडव्यात नाव आपलं. जन्मात एक ओळ लिहिली नव्हती. त्यासाठी त्यांना थोडं एकटं बसायचं होतं. पण हे भैय्याजींना सांगावं तर म्हाताऱ्याच्या काळजाला लागणार. इतकी वर्षं त्यांनी शब्द दिले, बदल्यात चहाशिवाय काही घेतलं नाही. म्हणून ताई सगळ्यांना एवढंच म्हणाल्या, "मले जरा एकटं राहाचं हाय."

झालं! आमच्या गल्लीत बाईनं असं म्हणणं म्हणजे आग लागली म्हणून ओरडण्यासारखं आहे. सगळे बादल्या घेऊन धावले.

कौसल्याबाई सगळ्यात आधी. त्या गल्लीतल्या सगळ्यात वडील, आणि सोबत करणं हे त्यांचं खातं. कुणाचा नवरा गावाला गेला, कुणी बाळंतीण आहे, कुणी नुसतीच उदास आहे, की कौसल्याबाई आपली सतरंजी काखेत मारून निघाल्या.

"एकटी? बाई मानूस एकटी कायले राहीन? आम्ही मेलो काय वं?"

"नाही वं बाई, तसं नाही. थोडं चूप बसाचं हाय."

"मंग बस ना चूप. मी बी चूप बसतो तुह्यासंगं."

आणि कौसल्याबाई चूप बसल्या. म्हणजे आपल्या गुडघ्यांविषयी, सुनेविषयी आणि सुनेच्या गुडघ्यांविषयी बोलत संध्याकाळपर्यंत चूप बसल्या. त्या गेल्या की दुसरी. मीसुद्धा एकदा जाऊन बसले, खोटं कशाला बोलू, पण मी नवराबायकोचं काही बिनसलं आहे का हे पाहायला गेले होते. बिनसलेलं काही दिसलं नाही. भाऊजी शेजारी बसून स्टीलच्या ताटलीवर बोटं वाजवत होते. तो माणूस बसला की वाजवतोच. ताट, डबा, पेपर, पाण्याचा ड्रम, काही म्हणजे काही सोडत नाही. ताई पेन घेऊन बसायच्या, मनात काही यायचं, आणि भाऊजींची बोटं त्याला लगेच केहरव्याचा ठेका लावायची. मग ती ओळ त्याच जुन्या गाण्यासारखी होऊन बसायची.

शेवटी ताई पोरीकडे गेल्या. भूमिका नरखेड तालुक्यात दिली आहे. त्यांचा संत्र्याचा बगीचा, विहिरीजवळ मोटरपंपाची खोली, खाट, पंखा. "आई, तिथं चिटपाखरू नाही येत," भूमिका म्हणाली. पोरगी खरंच बोलली. चिटपाखरू आलं नाही, गाव आलं.

पहिल्या दिवशी शेजारच्या शेतातला माणूस मोटर चालू करायला आला आणि खाटेवर बाई पाहून थबकला. "तुम्ही त्या काटोलवाल्या शामलाबाई ना?" तासाभरात मोटारसायकली यायला लागल्या. दुपारी गावातल्या बाया डबे घेऊन आल्या. कारण तेच. बाई एकटी, तेही वावरातल्या खोलीत, गावाची काही इज्जत आहे की नाही? त्यांनी आपसात पाळ्या लावल्या. सकाळच्या बाया वेगळ्या, दुपारच्या वेगळ्या. एकीनं मोबाइल समोर धरून म्हटलं, "ताई, तुम्ही आराम करा. फक्त माह्या नातवाच्या नामकरनाचं एक कडवं बोला." ताई संत्र्यांची पिशवी आणि ठणकणारं डोकं घेऊन परतल्या.

परतल्या तर गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स! इकडे भैय्याजींनी मंडळाची बैठक घेऊन टाकली होती. त्यांच्या डोक्यात बसलं होतं की ताई मौन धरणार, आणि एवढी मोठी कलावंत मौन धरते तर मंडळानं गप्प कसं बसायचं? फ्लेक्सवर ताईंचा मोठा फोटो, खाली मंडळाच्या सगळ्या पोट्ट्यांचे काळे चष्मे घातलेले छोटे फोटो, आणि वर ठळक अक्षरांत लिहिलेलं: 'उत्तर नागपूरची शान, कव्वाल शामलाताई यांच्या एकांतवासास हार्दिक शुभेच्छा.' रविवारी शुभारंभाचा कार्यक्रमही ठेवला होता. डीजेवाल्याशी बोलणं झालं होतं.

ताई फ्लेक्सखाली उभ्या राहून वर पाहत होत्या. मग त्या सरळ माझ्या दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या आणि काही विचारायच्या आधी त्यांनी मला सगळं सांगून टाकलं. काटोलचा टोमणा कसा रुतला, जवाब स्वतः करायचा आहे, सामना जवळ आला आणि एक ओळ झालेली नाही.

मी म्हटलं, "ताई, हे तुम्ही मले सांगून राहिल्या? मले?"

"हो. तुह्या तोंडात तीळ भिजत नाही म्हनूनच."

"म्हंजे?"

"तू उद्या सकाळी सांगजो का ताई पुन्हा भूमिकाकडे गेल्या. तू सांगतलं म्हंजे नाश्ता व्हायच्या आधी जरीपटक्यापर्यंत जाईन. कोनी दुसऱ्यानं सांगतलं तर लोक येऊन पाह्यतील. तुह्यं सारे मानतात."

माझ्या धंद्याची इतकी कदर आजवर कुणी केली नव्हती. मला गहिवरून आलं.

बेत असा. ताई घरातच राहणार, दाराला बाहेरून कुलूप. आमच्या दोघींच्या मागच्या अंगणांच्या मध्ये छातीइतकी भिंत आहे, तिच्यावरून मी डबा द्यायचा. भूमिकाला फोन करून सामील करून घ्यायचं. ताईंचा मोबाइल माझ्याकडे, म्हणजे कुणाचा आला तर सांगायचं, ताई घाईत विसरून गेल्या. भाऊजींना ढोलकीला नवी पुडी, म्हणजे नवं कातडं, चढवायला उमरेडला त्यांच्या भावाकडे पाठवायचं. त्यांनाही खरं सांगायचं नाही. "त्याह्यले सांगतलं तर जातीन नाही, अन् गेले तरी फोनवर विचारत राहातीन, झालं का, झालं का."

एकच अडचण. ताईंच्या घरच्या कुलपाची एक किल्ली भाऊजींच्या करदोट्याला कायमची बांधलेली. म्हणून मी माझ्या दुकानाचं कुलूप काढून दिलं. चांगलं जाड पितळी आहे, ओळखू यावं म्हणून त्याच्यावर मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलेला. माझं शटर मी सायकलच्या साखळीनं बांधलं.

भाऊजी निघून गेले. दुसऱ्या सकाळी मी कुलूप लावलं, स्टुलावर बसले आणि पहिली पिशवी समोरून गेली तिला म्हटलं, "ताई नरखेडले गेल्या!" पुढचं काम आपोआप झालं. डीजेवाल्याला परत पाठवावं लागलं आणि भैय्याजींनी फ्लेक्सवर 'यशस्वी प्रयाण' अशी चिठ्ठी चिकटवली.

आता तुम्ही म्हणाल, ताईंना एकांत मिळाला, जवाब फटाफट झाला असेल. पहिल्या दिवशी डबा देताना मी भिंतीवरून विचारलं, "झालं का?"

"झोपली होती वं. इतकी झोप लग्नानंतर लागलीच नाही."

दुसऱ्या दिवशी विचारलं, "झालं?"

"डबे झाले. मसाल्याचे, दाळीचे, सारे घासून उन्हात ठेवले. अंदरच, आंगनात. आवाज नाही केला."

तिसऱ्या दिवशी फडताळं झाली. मग खिडक्यांच्या जाळ्या. जन्मात पहिल्यांदा बाईला रिकामं घर मिळालं, आणि तिला त्यात साफसफाईशिवाय काय करतात हेच ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडून त्यांचा चेहरा दिवसेंदिवस उतरलेला दिसायला लागला.

"पेन घेऊन बसतो ना वं मी, तर 'भैय्याजी म्हणे' येऊन जाते. दुसरं काही येतच नाही. पोट्टी खरं बोलली. माह्या सोताचं काहीच नाही."

आणि खुद्द भैय्याजी रोज सकाळी कुलूप लावलेल्या दाराच्या फटीतून नवा जवाब आत सरकवत होते. "आल्यावर वाचतीन ताई," मला सांगायचे. ताई आत जमिनीवर बसून समोर येणारे कागद पाहायच्या.

माझंही काही सोपं चाललं नव्हतं. गुपित ठेवणं म्हणजे पोटात गॅस धरून ठेवण्यासारखं आहे. कौसल्याबाई रोज विचारायच्या, "शामलाचा फोन?" मी सांगायचे, "फोन तर इथंच हाय," आणि पुढचं वाक्य ओठापर्यंत यायचं. मी फॉल उलटा लावला एकीच्या साडीला, त्या ताणात.

अशात एका दुपारी रिक्षा थांबली आणि ताराचंदभाऊजी उतरले. खांद्याला ढोलकी.

मी उठून मोठ्यानं म्हटलं, आत ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं, "काय भाऊजी! तुम्ही कसे आले? ताई तर नरखेडले गेल्या!"

"मले म्हाईत हाय ना. तूच तर फोनवर सांगतलं." भाऊजी दारापाशी आले. कुलूप हातात घेतलं, उलटंपालटं केलं. मी म्हटलं, "नवीन घेतलं ताईनं. किल्ली घेऊन गेल्या संगं, पाहा बरं!"

भाऊजींनी कुलूप सोडलं आणि पायरीवर, दाराला पाठ टेकून बसले. मला वाटलं आता ताटली नाही तर निदान दार वाजवतील. पण दोन्ही हात मांडीवर गप्प होते. त्या माणसाची बोटं गप्प मी पहिल्यांदा पाहिली.

"भावना, तुले एक गोष्ट सांगतो. तुले सांगतली म्हंजे साऱ्या जरीपटक्याले सांगतल्यासारखंच हाय, पन सांगतो."

"बोला ना भाऊजी."

"ती कामठीवाली म्हने, ठेका नवऱ्याचा. कायचा नवऱ्याचा? लगन झालं तेव्हा मले काय येत होतं? डब्बा वाजवत होतो रेल्वे क्वार्टरात. शामलाले तिच्या पहिल्या प्रोग्रामचे पैसे भेटले तर तिनं साडी घेतली नाही. मले ढोलकी घेऊन देल्ली. हेच ते." त्यांनी ढोलकीवर हात ठेवला, वाजवली मात्र नाही. "तवापासून मी तिच्या मांगं बसतो."

"हो ना."

"मांगंच बसतो, समजलं का तुले? लोक म्हनतात, गाताना बाईचं तोंड असं दिसते का नजर हटत नाही. मले काय दिसते? अंबाडा. अन् ठेका बदलाचा असला का मांगं येते तो डावा हात. आखी जिंदगी मी तिचा अंबाडा पाहून वाजवलं. अंबाड्यावरून मले समजते, आज खूश हाय का नाराज. पन गाताना तोंड कसं दिसते तिचं, ते मले ठाऊक नाही. समोर लोक बसतात, ते पाह्यतात. मी नाही पाह्यलं."

"मंग सांगाचं ना त्याह्यले, इकडं पाहा म्हनून!"

"सांगाचं कसं? तिनं पब्लिकले पाठ देल्ली तर प्रोग्राम पडीन ना."

दाराच्या आत काही हललं नाही. एखादा माणूस श्वास धरून बसला की जी शांतता होते ती मात्र मला ऐकू येत होती. आणि मी, जिला दोन मिनिटं गप्प बसायला कुणी पैसे दिले तरी जमणार नाही, ती मशीनच्या चाकावर हात ठेवून तशीच बसले.

भाऊजी उठले. ढोलकी खांद्याला लावली. शर्टच्या खिशातून एक पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवली. बडीशेप आणि खडीसाखर. ताई गाण्याआधी तोंडात धरतात ती.

"हे अंदर दे," म्हणाले.

"अंदर? कुठं अंदर? ताई तर..."

"भावना, तुह्या शटरले सायकलची साखळी काहून हाय?"

माझी नजर कुलपावरच्या लाल ठिपक्याकडे गेली. भाऊजींचीही गेली. सगळी गल्ली त्या ठिपक्यासमोरून रोज बोलत बोलत जात होती, कुणाला तो दिसला नव्हता. बोलणाऱ्या माणसाला काही दिसत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

"मी चाललो उमरेडले. तिले घाई करू नको म्हन. कोनी विचारलं तर सांगजो, ताराचंद बी आला होता, दाराले कुलूप पाहून वापस गेला."

रिक्षा गेल्यावर मी पुडी घेऊन मागे धावले. भिंतीपलीकडे ताई उभ्याच होत्या. मी तोंड उघडलं तर त्यांनी बोट ओठावर ठेवलं. पुडी घेतली आणि आत गेल्या. त्या संध्याकाळी मी डबा दिला तर तो सकाळी तसाच भरलेला परत आला. मला एवढा आनंद कधी झाला नव्हता, तोही माझी भाजी कुणी न खाल्ल्याचा.

रमाई जयंतीला उमरेडला संध्याकाळी मैदान भरलं. आजूबाजूच्या खेड्यांतून एसट्या भरभरून आल्या होत्या, आमच्या गल्लीचा तर अख्खा टेम्पो होता. पुढच्या रांगेत भैय्याजी पांढऱ्याशुभ्र शर्टात. त्यांनी लिहिलेल्या जवाबांपैकी कोणता घेतला हे ताईंनी सांगितलं नव्हतं. "सरप्राइज हाय," त्यांनी शेजारच्याला सांगितलं. आम्हा कोरसवाल्यांना ताई फक्त म्हणाल्या, "टाळी धरा, बाकी मी पाह्यतो."

वैभवीनं फार वेळ काढला नाही. दोन गाणी झाली आणि तिनं पेटी थांबवली. बोट दाखवलं. तोच सवाल. सगळं मैदान तिच्याबरोबर गायलं, "तुह्या सोताचं काय?"

ताई उठल्या. माइकवाल्याला खूण करून स्टँड फिरवायला लावला. पेटी उचलली, आणि ढोलकीच्या समोर, लोकांकडे पाठ करून बसल्या.

"ओ बाई, इकडं पाहा!" लोक ओरडायला लागले. "पब्लिक इकडं हाय!" वैभवीसुद्धा मान उंचावून पाहायला लागली. भाऊजींची तर अशी दशा की नव्या नवरदेवाची बरी. ताईंनी स्वर धरला.

"कुलूप लावून बसली घरात, कोनी नाही जवळ,
डबे घासले, घर झाडलं, सापडेना एक ओळ."

टेम्पोभर माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. कौसल्याबाई गर्दीतून ओरडल्या, "भावने! नरखेडले गेली म्हने ना वं!" मी टाळीवर लक्ष दिलं.

"पायरीवरून बोल आला, दार होतं बंद,
तोंड पाहाचं गातानाचं, येवढाच त्याले छंद."

आणि इथे ताराचंदभाऊजींचा ठेका चुकला. चुकला म्हणजे काय, थांबलाच. हात ढोलकीवर, तोंड उघडं, डोळे ताईंच्या चेहऱ्यावर. जो माणूस पाण्याचा ड्रम सोडत नाही, त्याची ढोलकी ऐन सामन्यात बंद. आम्ही नुसत्या टाळीवर गाणं ओढलं. शेवटचं कडवं आलं. भैय्याजी सवयीनं खुर्चीच्या काठावर सरकले.

"शब्द कोनाचा असन बाई, ठेका कोनाचा असन,
नजर माही, शामला म्हने, बसवीन तिथं बसन."

'शामला' या शब्दावर भैय्याजी अर्धे उभे राहून गेले होते. जोडलेले हात तसेच हवेत. खाली बसावं तर सगळे पाहत होते, उभं राहावं तर नाव दुसऱ्याचं. क्षणभर ते तसेच वाकलेले राहिले. मग पूर्ण उभे झाले, मंचाकडे वळले आणि जोडलेले हात उघडून टाळ्या वाजवायला लागले. त्यांच्यामागे मैदान उठलं.

वैभवीनं माइक घेतला. "ताई, मी सवाल वापस घेतो. पन येवढं सांगा, आता ढोलकी कोन वाजवून राहिलं?" हशा पिकला तेव्हा कुठे भाऊजींना शुद्ध आली आणि त्यांनी गाणं संपल्यावर जोरात ठेका धरला. कोण जिंकलं ते उमरेडच्या मंडळानं जाहीर केलं नाही. वैभवीनं उतरताना ताईंना जय भीम केला आणि ती चाल पुन्हा एकदा गुणगुणून पाहिली, हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

भैय्याजी मंचामागे आले. आम्हाला वाटलं, आता काही लागट बोलतात. ते म्हणाले, "ताई, तिसऱ्या ओळीत दोन मात्रा जास्त होऊन राहिल्या."

ताई म्हणाल्या, "मंग शिकवा ना भैय्याजी."

"शिकवीन ना. कुलूप काढून ठेवजा फक्त."

परतीच्या टेम्पोत माझी जी हजेरी घेतली गेली ती मी इथे लिहीत नाही. कौसल्याबाईंचं म्हणणं एकच होतं, "म्हंजे तुले तोंड बंद ठेवता येते! अन् इतके साल आम्हाले फसवून राहिली?" माझ्या नावाला बट्टा लागला तो लागलाच. आता मी काही सांगितलं की गल्ली आधी माझ्या शटरकडे पाहते, कुलूप जागेवर आहे का म्हणून.

पुढच्या सीटवर नवराबायको शेजारी शेजारी बसली होती. मग ताई एकदम खेकसल्या, "काहून हो, आजवर कधी ठेका चुकला नाही तुमचा. अन् आजच, माह्या सोताच्या गान्यात चुकला?"

भाऊजींची बोटं पुढच्या पत्र्यावर हळूच वाजायला लागली.

"मंग? तोंड दाखवाले कोनं सांगतलं होतं?"